परसदारची पीएचपी

सकाळी उठल्यावर मी आधी न आलेली मेल बघते. चहाला उकळी यायची असते, खाली जेल रोडवरून दूधवाल्याची गाडी जाऊन गेलेली असते, आणि मेलच्या यादीत ते एक ठरावीक नाव दिसलं नाही की मी निवांत होते. रात्री दोन वाजता माझा एक छोटा प्रोग्रॅम चालतो. पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी तो लिहिलेला आहे. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव, येवला इथले दिवसभराचे भाव त्यांचे दिवाणजी संध्याकाळी फाइलमध्ये भरून ठेवतात: किमान, कमाल, सरासरी, किती नग आले, लाल किती, उन्हाळ किती. ते गोळा करायचे, मागच्या आठवड्याशी ताडून बघायचे आणि सकाळच्या लिलावाआधी तक्ता तयार ठेवायचा, एवढंच त्याचं काम. त्याला वेळेवर उठवतो तो क्रॉन, लिनक्समधला जुना, अबोल कारभारी. प्रोग्रॅमने तोंडातून शब्द काढला तरच क्रॉन तो मेलने कळवतो. प्रोग्रॅम मुकाट्याने काम उरकून गेला, तर क्रॉनही मुकाट असतो. म्हणून न आलेली मेल ही माझ्या दिवसाची पहिली चांगली बातमी.

हे सगळं पीएचपीत लिहिलंय असं सांगितलं की या धंद्यातली तरुण मुलं गालात हसतात. ‘ताई, पीएचपी तर वेबसाइटची भाषा ना? असल्या कामाला पायथन घ्यायचं.’ त्यांचंही बरोबर आहे. कॅनडा कॉर्नरच्या नाहीतर कॉलेज रोडच्या क्लासमध्ये पीएचपीची ओळख होते तीच मुळी झॅम्प नावाच्या तयार संचाच्या खिडकीतलं ‘स्टार्ट’ दाबून. अपाची सुरू झालं, मायएसक्यूएल सुरू झालं, ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट लिहिलं, आणि पडद्यावर एक ओळ उमटली. तिथून पुढे पीएचपी आणि ब्राउझर यांची जोडी मनात जी बसते ती सुटत नाही. त्याच झॅम्पच्या फोल्डरात, आत आणखी एका फोल्डरात, पीएचपी डॉट ईएक्सई नावाची एक फाइल पडून असते. कोर्स संपतो, प्रोजेक्ट जमा होतं, तोंडी परीक्षाही होऊन जाते, पण तिच्याकडे वळून कुणी बघत नाही. खरं तर ती एकटी पुरेशी असते. कमांड लाइनची काळी खिडकी उघडायची, त्या फाइलचं नाव टाइप करायचं, पुढे आपल्या फाइलचं नाव लिहायचं आणि एंटर. अपाची नको, ब्राउझर नको, पानही नको.

ही भाषा जन्माला आली तीच मुळी कोणीतरी आपल्याकडे बघतंय या जाणिवेतून. रासमुस लेर्डोर्फ हा ग्रीनलंडमध्ये जन्मलेला आणि कॅनडात शिकलेला प्रोग्रॅमर. १९९४ साली त्याने स्वतःची माहिती देणारं एक पान इंटरनेटवर ठेवलं होतं, आणि ते कोण कोण बघून जातं याची त्याला उत्सुकता होती. त्यासाठी त्याने सी भाषेत काही लहान हत्यारं लिहिली आणि ८ जून १९९५ रोजी ती सगळ्यांसाठी खुली केली. नाव ठेवलं ‘पर्सनल होम पेज टूल्स’. पुढे इस्रायलमधल्या अँडी गुटमन्स आणि झीव्ह सुरास्की या दोन विद्यार्थ्यांनी तिचा गाभा नव्याने लिहिला, १९९८ साली तिसरी आवृत्ती आली, २००० साली चौथी, आणि जगातल्या असंख्य पानांच्या मागे ही भाषा जाऊन बसली. पण मूळचा प्रश्न एवढाच होता, की माझ्या दारावरून कोण गेलं? दारात पाहुणा आहे, त्याला काहीतरी दाखवायचं आहे, हे तिने सुरुवातीपासून गृहीतच धरलं होतं.

मग काही लोकांनी तिला पाहुण्यांशिवाय चालवून बघितलं. सुरुवातीला हाताशी होती ती वेब सर्व्हरसाठी बनवलेली सीजीआयची आवृत्ती. ती काळ्या खिडकीत चालवली, तरी आधी ‘पुढे येतंय ते एचटीएमएल आहे’ अशी वर्दी द्यायची आणि मगच कामाचं बोलायची. समोर ब्राउझर नाही, पान नाही, कुणीच नाही, तरी वर्दी ठरलेली. ती थांबवायची तर आज्ञेत एक वजाचं चिन्ह आणि क्यू हे अक्षर जोडावं लागे. २००२ च्या एप्रिलमध्ये ४.२ या आवृत्तीबरोबर खास काळ्या खिडकीसाठी बनवलेली पीएचपी प्रयोग म्हणून आली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ४.३ बरोबर ती पक्की झाली. तिने वर्दी सोडून दिली होती. विचारलं तर उत्तर द्यायचं, नाहीतर गप्प राहायचं, हे ती शिकली होती.

जुन्या नाशकातले वाडे ज्यांनी आतून पाहिलेत त्यांना पुढचं दार आणि परसदार यांतला फरक सांगावा लागत नाही. सराफ बाजाराच्या मागच्या बोळात माझ्या आईच्या मावशीचा वाडा होता. पुढे ओसरी, ओसरीवर झोपाळा, भिंतीला टेकून लोड. आल्यागेल्याला तिथे बसवून आधी पाणी द्यायचं, मग ‘काय म्हणता, बरंय ना?’ आणि मग ज्या कामाला माणूस आला असेल ते काम. मागे परसात आड, बंब, धुण्याचा दगड, दोरीवर वाळत घातलेली लुगडी. तिथे आलेल्या बाईला मावशीआजी बसा म्हणत नसे. ‘ते ठेव तिकडं, हे घेऊन जा,’ एवढं दोन वाक्यांत उरके, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आजी तीच, आवाजही तोच. परसदारी तिच्या बोलण्यातून आदबीचा मजकूर तेवढा गळून पडलेला असे.

काळ्या खिडकीतली पीएचपी मला तशी परसदारची वाटते. प्रोग्रॅमला आपण कुठल्या दारात उभे आहोत हे विचारताही येतं. त्यासाठी एक छोटं फंक्शन आहे, आणि खिडकीतून विचारलं तर ते ‘सीएलआय’ अशी तीन अक्षरं परत देतं. डेबियन आणि उबुंटूवर तर दोन्ही दारांचे नियमही वेगवेगळ्या फाइलींत लिहिलेले असतात. ब्राउझरसाठी चालणाऱ्या पीएचपीची एक, खिडकीतल्या पीएचपीची दुसरी. पुढच्या दारी मेमरी मोजूनमापून मिळते, परसदारी हात सैल सोडलेला असतो. चूक सांगायची पद्धतही निराळी. वेबच्या पानावर चूक झाली तर ती कधी जाड अक्षरांत पानाच्या मधोमध उगवते, कधी नुसतं पांढरंफेक रिकामं पान समोर येतं आणि बघणारा बघत बसतो. खिडकीत मात्र ती सरळ एका ओळीत येते: कुठली फाइल, कितवी ओळ, काय बिघडलं.

पण या दोन दारांतला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो फरक वेळेचा. ब्राउझरसाठी चालणाऱ्या पीएचपीला मुळात ३० सेकंदांची मुदत असते. तेवढ्यात काम झालं नाही तर जिथे असेल तिथे तोडलं जातं. हा आकडा वाढवता येतो, पण मूळचा तीसच. खिडकीत तीच मुदत शून्य लिहिलेली असते, आणि इथे शून्याचा अर्थ ‘कितीही’. मॅन्युअलमधल्या त्या ओळीपाशी मी बराच वेळ रेंगाळले होते. प्रोग्रॅमला स्वतःची अशी घाई कधीच नसते. घाई असते ती पलीकडे बसून फिरतं वर्तुळ बघणाऱ्या माणसाला, आणि त्याच्यापायी ती प्रोग्रॅमच्या गळ्यात पडते. तो उठून गेला की घाईही त्याच्याबरोबर जाते. उन्हाळ कांद्याचा हंगाम सरला की मी माझ्या प्रोग्रॅमला जुन्या वर्षांच्या सगळ्या फाइली चाळायला लावते. तेव्हा तो चांगला अर्धा-पाऊण तास चालतो. कुणी त्याला हटकत नाही, त्यालाही कुणाची चिंता नसते. खिडकीत कर्सर लुकलुकत राहतो आणि मी भाजी निवडते.

घाई आणि निवांतपणा नाशकातही असेच आळीपाळीने येतात. २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर गेलेल्यांना ‘चला, चला, पुढे चला’ हा सूर आठवत असेल. शेकडो कोसांवरून आलेल्या माणसाला पाण्यात एक बुडी मिळायची, फार तर दोन, आणि शिट्टी वाजायची. ते करावंच लागतं, मागे लाखो लोक उभे असतात. त्याच रामकुंडावर माघातल्या एखाद्या आडवारी दुपारी जावं, बुधवार मात्र टाळावा, कारण त्या दिवशी गोदाकाठी बाजार भरतो. चार कबुतरं, दोन-तीन गुरुजी, अस्थी घेऊन आलेलं एखादं कुटुंब. पायरीवर कितीही वेळ बसा, कुणी उठवत नाही. बारा वर्षांनी येणारं नाशिक सगळ्या जगाने छायाचित्रांत पाहिलेलं असतं. हे आडवारचं नाशिक फक्त इथे राहणाऱ्यांच्या वाट्याला येतं, आणि आम्ही त्याच्या जिवावर जगतो.

न बघितलेल्या कामाचा या गावाला वारसाच आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. त्यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा, आणि १९४४ साली त्यांनी देह ठेवला तो नाशकात. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला हे शाळेतल्या मुलालाही पाठ असतं. पण त्याच्या आधी फाळक्यांनी एक लहानशी फिल्म केली होती, ती मला जास्त ओढ लावते. कुंडीत वाटाण्याचं बी पेरून, कॅमेरा एका जागी ठेवून, त्यांनी रोज थोडं थोडं चित्रण केलं. महिन्याभराहून अधिक काळ हे चाललं. मग ती फिल्म सलग दाखवली, तेव्हा बघणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत कोंब वर आला, पानं फुटली, वेल चढला. पैसे लावणाऱ्याची खात्री पटली ती त्यावरून. रोज ठरल्या वेळी कॅमेऱ्यापाशी जाणाऱ्या, थोडंसं काम करून परत फिरणाऱ्या त्या माणसाकडे मात्र कुणी बघत नव्हतं. आणि त्याच्याही मागे त्याची पत्नी सरस्वतीबाई होत्या. कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायची, तीही अंधारात, कारण उजेडाचा किरण लागला तर फिल्म वाया. रसायनं कालवायची, फिल्म धुवायची आणि कंपनीच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाकही करायचा. पुढे पडद्यावर जो उजेड पडला त्यात या अंधारातल्या हातांचा हिशेब कुठेच दिसत नाही. पण ती भोकं एका रेषेत नसती, तर चित्र हललंच नसतं.

माझ्या घरातही असं काम होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, नाशिक रोडच्या प्रेसमध्ये होते. नाशिक रोडला ‘प्रेस’ म्हटलं की वर्तमानपत्राचं कुणाच्या मनातही येत नाही. आधी विलायतेत छापली जाणारी भारताची टपालतिकिटं १९२५ च्या सुमारास इथे छापली जाऊ लागली, १९२८ पासून नोटाही. म्हणजे या देशातल्या बहुतेक खिशांतून कधी ना कधी नाशिक फिरून गेलेलं असतं आणि खिशाच्या मालकाला त्याचा पत्ता नसतो. पाळी सुटायच्या वेळी सायकलींची रांग रस्ताभर वाहायची. अण्णा घरी येत, हातपाय धुवत, चहा घेत, आणि तिथल्या कामाबद्दल चकार शब्द काढत नसत. लहानपणी मी विचारायची, ‘अण्णा, तुम्ही नोटा छापता?’ ते म्हणत, ‘मी कागद तपासतो.’ कुठला कागद, किती, कशासाठी, हे पुढे कधी आलं नाही. वर्गातल्या इतर मुलींचे वडील काय करतात हे त्यांना ऐटीत सांगता यायचं. मला एवढंच सांगता यायचं की ते वेळेवर जातात आणि वेळेवर येतात.

निवृत्तीनंतर एका संध्याकाळी ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. पडद्यावर ती काळी खिडकी होती, प्रोग्रॅम चालू होता, आणि बराच वेळ काहीच हलत नव्हतं.

‘बंद पडलंय का गं?’

‘नाही अण्णा, चालू आहे.’

‘कशावरून?’

‘काही बोलत नाहीये म्हणून. बिघडलं असतं तर बोलला असता.’

ते थोडं थांबले. ‘म्हणजे आमच्यासारखंच,’ म्हणाले आणि पेपर वाचायला गेले. प्रोग्रॅम संपताना एक आकडा मागे ठेवून जातो, शून्य असेल तर सगळं नीट, दुसरं काही असेल तर गडबड, हे मला त्यांना सांगायचं होतं. तपासणाऱ्या माणसाला ते नक्की आवडलं असतं. पण तोवर ते क्रिकेटच्या पानावर पोहोचले होते.

या अबोलपणाचं कौतुक करताना एका बाबतीत मला हात आखडता घ्यावा लागतो. ही परसदारची भाषा मराठीच्या बाबतीत थोडी अडाणी आहे. दिवाणजी भाव मराठी आकड्यांत भरतात, आणि त्यांनी तसेच भरावेत असं मलाही वाटतं. चाळीस वर्षं ज्या हाताने चोपडीत १८५० लिहिलं, त्याने आता उगाच वळण का बदलावं? पण पीएचपीला मराठी आकडे आकडे म्हणून कळतच नाहीत. १८५० या मजकुराचा पूर्णांक कर म्हटलं, तर ती काही तक्रार न करता शून्य देते. बेरीज करायला गेलं, तर २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या आठव्या आवृत्तीपासून ती निदान अडून बसते. त्याआधी ती नुसती कुरकुरायची आणि शून्य धरून पुढे जायची. बाजार समितीच्या आवारात दीड-दोन हजारांना गेलेला कांदा इथे फुकट. म्हणून फाइल हाती आली की माझा प्रोग्रॅम आधी एकेक मराठी आकडा उचलून त्या जागी इंग्रजी ठेवतो, सगळा हिशेब करतो, आणि तक्ता लिहिताना पुन्हा मराठी आकडे बसवतो. व्यापाऱ्याला सकाळी १८५० दिसतं. मधल्या वेळेत त्या आकड्याने वेष बदलला होता, हे त्यांच्या कानावर जायचं कारण नाही.

अक्षरांचंही तसंच. खिडकीतून पीएचपीला एका ओळीची आज्ञा देता येते. पीएचपी, मग वजाचं चिन्ह, त्याला चिकटून आर, आणि अवतरणात जे विचारायचं ते. फाइलसुद्धा लागत नाही. एकदा सहज ‘नाशिक’ या शब्दाची लांबी विचारली. उत्तर आलं १५. नेहमीचं फंक्शन अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. न, काना, श, वेलांटी, क, अशी पाच चिन्हं, पाच त्रिक पंधरा. दुसरं, बहुभाषी मजकुरासाठीचं फंक्शन वापरलं तर उत्तर येतं ५. आणि तिसरं, माणसाच्या डोळ्याला जे एक अक्षर वाटतं ते एक धरणारं फंक्शन वापरलं, तर येतं ३. ना, शि, क. बालवाडीतलं पोर बोटं मोडून जे सांगेल ते उत्तर मिळवायला यंत्राला तिसऱ्या पायरीपर्यंत यावं लागतं. सगळ्या लिपींना मुळापासून सामावून घेणारी सहावी आवृत्ती करायचा घाट पीएचपीवाल्यांनी घातला होता. ते काम फार अवघड निघालं, २०१० साली बाजूला ठेवलं गेलं, आणि सहावी आवृत्ती कधी आलीच नाही. पाचानंतर एकदम सातवी आली, २०१५ च्या डिसेंबरात. त्या न झालेल्या आवृत्तीची पोकळी मला मराठीत काहीही मोजताना जाणवते.

त्यात ती काळी खिडकीही आपली नाही. तिच्यात प्रत्येक अक्षराला सारख्या रुंदीचा चौकोन आखून दिलेला, आणि आपली लिपी तर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालणारी. मग वेलांटी एका घरात आणि तिचं अक्षर दुसऱ्या घरात, जोडाक्षरं फुटलेली, पाय मोडलेले. ‘त्र्यंबकेश्वर’ तर ओळखूच येत नाही. तरी मी माझ्या प्रोग्रॅमचे निरोप मराठीतच लिहिते. ‘लासलगावची फाइल मिळाली नाही’ असं तो म्हणतो तेव्हा ते अष्टावक्र दिसतं, पण मेलमधून आलं की सरळ होतं.

रात्री दोनचा माझा प्रोग्रॅम चालतो तेव्हा तो एकटा नसतो, हा विचार मला आवडतो. १ मे २००३ पासून सुरू असलेला मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तीही पीएचपीतच लिहिलेली आहे. आपण वाचतो ते पान पुढच्या दारचं. मागे साफसफाईच्या, दुरुस्तीच्या, साठलेली कामं उपसण्याच्या कितीतरी लहान लहान फाइली आहेत, आणि त्या काळ्या खिडकीतूनच चालवायच्या असतात. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतही एक मोठं डेटा सेंटर आहे. त्याच्यावरून जाताना पूर्वी कारखान्यांचा जसा आवाज यायचा तसा काहीच येत नाही. आत थंड हवेत यंत्रं उभी असतील, आणि त्यांतल्या कुठल्या तरी कोपऱ्यात कुणाचा तरी हिशेब, कुणाची तरी नक्कल, कुणाचे तरी जुने फोटो लहान करण्याचं काम चालू असेल. आज कोण बघून गेलं हे मोजायला निघालेली भाषा आता रात्रभर कुणी बघत नसताना राबते, आणि माझ्या मते तिचं खरं काम हेच आहे.

हिला नावं ठेवणाऱ्यांची उणीव नाही. फंक्शनांच्या नावांत मेळ नाही, कुठे अधोरेषा आहे तर कुठे नाही, कुठे शोधायची वस्तू आधी लिहायची तर कुठे शोधायची जागा आधी. हे सगळं खरं आहे आणि मी रोज त्याच्याशी भांडते. तरी ज्या भाषेने माणसाला ओसरीवर बसायला शिकवलं, तिनेच परसदारी खाली मान घालून राबायलाही शिकवलं, असं क्वचित घडतं. पायथन घ्या, आणखी काही घ्या, माझी हरकत नाही. पण जी हाताशी आहे तिचं मागचं दार न उघडताच तिला मोडीत काढू नका.

पीएचपी फुकट मिळते आणि जुन्यापान्या लॅपटॉपवरही चालते. या रविवारी ब्राउझर बंद ठेवून काळी खिडकी उघडा, एका ओळीची आज्ञा लिहा, आपल्या गावाचं नाव मराठीत द्या आणि त्याची लांबी विचारा. आलेला आकडा तुम्ही बोटांवर मोजलेल्या आकड्याशी जुळणार नाही. तो का जुळला नाही हे दुसऱ्या कुणाला विचारू नका, तिथेच बसून स्वतः शोधा. मुदत नाही.